मंडळाला आत्महत्या रोखण्यासाठी खरं काम करायचंय, नुसतं व्याख्यान नको. सोलापुरात काय करता येईल?

पूर्वभाग_कार्यकर्ता

नमस्कार मंडळी. आमचं पूर्व भागात एक मध्यम मंडळ आहे, फार मोठं नाही. या वर्षी आमच्या आसपासच्या गल्ल्यांत दोन मृत्यू झाले, एक पॉवरलूमवर काम करणारा गडी आणि एक बारावी झालेली मुलगी. जास्त तपशील लिहीत नाही, घरचे लोक इथं वाचत असतील. दोन्ही वेळेला दहाव्यापर्यंत घरात माणसं मावत नव्हती आणि त्यानंतर त्या घरांकडं कोणी फिरकेना, कारण काय बोलायचं हेच लोकांना कळत नाही.

गणपतीच्या बैठकीत विषय निघाला की १० सप्टेंबरला जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन असतो तर त्याला धरून काहीतरी करू. लगेच दोघं म्हणाले एक फ्लेक्स लावू आणि पुण्याहून मोठा वक्ता बोलवू. मला ते पटलं नाही. ज्याच्या डोक्यात असे विचार चाललेत तो माणूस व्याख्यानाला येऊन पहिल्या रांगेत बसणार आहे का? एनसीआरबीचे (केंद्राचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ चे आकडे बघितले, देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या आणि त्यातल्या २२ हजार ७४६ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे राज्यांत सगळ्यात जास्त आपल्याकडं. डेंग्यू आला की महापालिका घरोघरी टाक्या बघत फिरते, मग याच्यासाठी तसं काहीच का नसतं?

तर विचारायचंय असं की एक, ज्येष्ठ मंडळी म्हणतात या विषयावर बोललं तर ज्याच्या डोक्यात नाही त्याच्या डोक्यात पण शिरेल, हे खरंय का? दोन, मंडळाच्या पोरांनी नेमकं काय करायचं, आम्ही काय डॉक्टर नाही. आणि आमच्याकडं निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, म्हातारी माणसं तर मराठीत मन मोकळं करूच शकत नाहीत, त्याचं काय करायचं?

वॉर्डसिस्टर

आधी तुमच्या ज्येष्ठ मंडळींची शंका. नाही, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. यावर भरपूर अभ्यास झालेत आणि माझ्या नोकरीतला अनुभव पण तोच आहे, सरळ विचारलं की माणसाला बरं वाटतं कारण जे तो आठवडे आठवडे एकटा वागवत असतो ते कुणीतरी तोंडानं बोललं. फक्त विचारायची पद्धत पाहिजे. "असलं काही वेड्यासारखं डोक्यात नाही ना तुझ्या?" असं विचारलं तर उत्तर "छे छे" हेच येणार. शांत बसून, टीव्ही बंद करून, "इतका त्रास होतोय तर जीव द्यावा असं वाटतं का कधी?" असं विचारायचं आणि मग गप्प बसून ऐकायचं. मध्येच देवाधर्माचं, आईबापाचं, लेकराबाळांचं काढायचं नाही.

मी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डला होते. जीव द्यायचा प्रयत्न केलेला पेशंट वाचून वॉर्डात आला की खाटेजवळ आई केसपेपर हातात घट्ट धरून उभी असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की पोटाचं दुखणं आहे. पेशंट भिंतीकडं तोंड करून पडलेला. मग आत्या येते, मामा येतो आणि आल्या आल्या सुरू, "आमचा तरी विचार करायचा होता". सलाईन संपायच्या आत त्या पोराला दहा जणांचं ऐकून घ्यावं लागतं पण "तुला एवढं काय झालं होतं रे" हे विचारणारा एखादाच असतो. तो एखादा कधी कधी शेजारच्या खाटेवरचा पेशंट असतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मुद्द्याचं सांगते कारण तुमचं मंडळ इथंच कामाला येईल. ज्यानं आधी एकदा प्रयत्न केलाय त्याला पुढचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि त्यातही दवाखान्यातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे. आणि नेमकं तेव्हाच सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मानसोपचार ओपीडीची तारीख लिहून दिलेली असते, घरचे म्हणतात आता बरा आहे, लोक काय म्हणतील, आणि जातच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला होता, आपल्याकडचं चेन्नई त्यात होतं, २००८ ला छापून आला. त्यात केलं काय तर डिस्चार्जच्या वेळी तासभर नीट बोलणं आणि मग दीड वर्ष अधूनमधून फोन किंवा भेट, "कसा आहेस, औषध चालू आहे का, काही लागलं तर सांग". बास एवढंच. ज्यांना हे मिळालं त्यांच्यात पुढं आत्महत्येनं होणारे मृत्यू नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा खूप कमी झाले. यात भारी मशीन नाही, महागडं औषध नाही, आठवण ठेवून फोन करणारा माणूस लागतो. तुमच्या मंडळात पन्नास पोरं असतील की.

कुणी स्पष्ट बोलून दाखवलं किंवा तयारी केल्यासारखं दिसलं तर मात्र त्याला एकटं सोडायचं नाही, जवळ धोक्याचं काही असेल ते हलवायचं आणि सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत घेऊन जायचं, नाहीतर १०८ ला फोन. तिथं मानसोपचार विभाग आहे. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये पाहिजे, केंद्र सरकारचा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट आणि चोवीस तास. तुमच्या भाषेच्या प्रश्नाचं पण उत्तर त्यात आहे, मराठीसोबत तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालतं, भाषा निवडता येते. घरातलं माणूस काळजीत असेल तर त्यानं स्वतःसाठी पण फोन केला तरी चालतो.

लूमवाला_मामा

सिस्टरताईंचं सगळं मान्य. पण मला एक सांगा, ज्याच्या दारात फायनान्सवाला सकाळी सकाळी येऊन बसतो त्याला समुपदेशन काय करणार? मी स्वतः जेकॉर्ड लूमवर काम केलंय. चादरीला मागणी नाही, टॉवेलचा माल पडून, कारखाना आठवड्यातून चार दिवस चालायलाय, रोजच्या मजुरीवर घर. बायको विड्या वळती तिचा पगार ग्रुप लोनच्या हप्त्यात जातो. एकीचा हप्ता चुकला की ग्रुपमधल्या बाकीच्या बाया तिच्या दारात. माणूस मनानं आजारी नसतो हो, परिस्थितीनं घेरलेला असतो. त्याला "सकारात्मक विचार करा" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. तुमच्या मंडळाला खरंच काही करायचं असेल तर आधी कर्जाचं बघा.

विडीघरची_लेक

मामा बरोबर बोलले पण एक राहिलं. सगळे कर्जाचं म्हणलं की पुरुषच धरतात. माझ्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, आमच्या चाळीत कुणाच्या घरात काय चाललंय हे सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायांना सगळ्यात आधी कळतं. २०२२ च्या त्याच आकड्यांत बघा, आत्महत्या केलेल्या बायांमध्ये निम्म्याहून जास्त गृहिणी आहेत, २५ हजारांच्या वर. त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत, पेपरात "घरगुती कारणातून" एवढी एक ओळ येते आणि विषय संपतो. घरगुती कारण म्हणजे काय? दारू, मार, संशय, मूल होत नाही म्हणून टोमणे, माहेरी जायची सोय नाही. हे सगळं त्या एका ओळीत गाडलं जातं.

मंडळात सगळी पोरंच असतील तर बाया तुमच्याशी बोलणार नाहीत, हे आत्ताच सांगते. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, बचत गटाच्या अध्यक्ष यांना बरोबर घ्या. आणि मारहाणीची केस असेल तर "सांभाळून घे" असा सल्ला कुणी द्यायचा नाही, तिथं १८१ ही महिला हेल्पलाईन आहे.

कोर्टातला_माणूस

दोन गोष्टी कायद्याच्या, कारण यामुळं लोक लपवतात आणि उपचाराला उशीर होतो.

प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर केस होऊन जेल होते ही भीती अजून आहे. आधी आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम होतं, त्यात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मग २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आलं, त्यात म्हटलंय की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं सरकारचं कर्तव्य. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात जुनं ३०९ राहिलंच नाही. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस) अशी नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, पण त्याचा अर्थ गुन्हेगार ठरवलं असा नाही. हे प्लीज गल्लीत सांगा, कारण "पोलिसांचं लफडं नको" म्हणून घरच्या घरी ठेवलेली माणसं गेलेली आहेत.

दुसरं मामांसाठी. मायक्रोफायनान्सला, म्हणजे असल्या ग्रुप लोनसारख्या छोट्या कर्जांना, रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. कर्जदाराच्या घरचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त व्हायला नकोत असं बघून कर्ज द्यायचं असतं. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धमकी शिवीगाळ नाही, नातेवाईक शेजारी यांना त्रास देणं नाही. लोकांना हे माहीतच नसतं त्यामुळं रात्री दहाला आलेल्या माणसाला पण चहा देतात आणि हात जोडतात. मंडळानं महिन्यातून एक संध्याकाळ नुसती कर्जाची कागदं वाचून द्यायला ठेवली, लेखी तक्रार करून दिली, तरी खूप झालं. मी स्वतः बसायला तयार आहे.

मानसशास्त्र_शिकतेय

लूमवाला मामांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि मला वाटतं दोन्ही बाजू एकमेकांच्या विरोधात नाहीत. एनसीआरबीच्याच २०२२ च्या अहवालात जवळपास दोन तृतीयांश लोकांचं वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत होतं, आणि कामाच्या हिशोबानं बघितलं तर रोजंदारीवाले सगळ्यात जास्त, चारातला एक. म्हणजे याला फक्त मनाचा आजार म्हणून चालत नाही हे अगदी खरं. पण तेवढ्याच कर्जात असलेली बाकीची हजारो माणसं तगून राहतात, ती कशामुळं? बहुतेक वेळा कुणीतरी सोबत असतं म्हणून, दारू कमी असते म्हणून, वेळेवर मदत मिळते म्हणून.

पुण्याच्या एका संस्थेनं नाशिक जिल्ह्यातल्या गावांत आत्मीयता नावाचा प्रकल्प केला होता, नंतर तो गुजरातमध्ये मेहसाण्यात पण मोठ्या प्रमाणावर नेला. त्यात गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याकडं लोक एरवी पण मन मोकळं करायला जातात अशी. त्यांना शिकवलं की कुणाला त्रास आहे हे कसं ओळखायचं, चार ते सहा वेळा भेटून कसं बोलायचं, आणि जास्त गंभीर असेल तर सरकारी दवाखान्यात कसं पोचवायचं. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हीच माणसं रेशन, निराधार पेन्शन, अपंग दाखला असल्या योजनांची कामं पण करून द्यायची. म्हणजे मन आणि पोट दोन्ही एकाच माणसाच्या हातात. मंडळासाठी यापेक्षा चांगला नमुना नाही. पन्नास कशाला, सहा सात जण निवडा पण नीट निवडा, बडबडे नकोत, ऐकणारे पाहिजेत, आणि ऐकलेलं बाहेर न बोलणारे.

बारावीच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. निकालाच्या आठवड्यात घरोघरी एवढंच सांगा की जून-जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. आणि निकालाच्या दिवशी मूल एकटं घरी राहणार नाही हे बघा.

मंगळवेढ्याचा_शेतकरी

शहरातलं चाललंय, मध्ये बोलतोय. आमच्याकडं फवारणीची औषधं घरातच असतात, कोठीत, कधी कधी स्वयंपाकघराच्या माळ्यावर. भांडण होतं, पिलेला असतो, आणि हाताशी असतं. रागाचा तो अर्धा तास टळला असता तर माणूस राहिला असता असं आमच्या गावात एकापेक्षा जास्त घरांत म्हणता येईल. मी दोन वर्षांपूर्वी लोखंडी पेटी करून घेतली, किल्ली भावाकडं असते. गावात बाकीच्यांना पण सांगतोय. मंडळानं खेड्यात पेट्या वाटल्या तर?

कृषी_पदवीधर

दादा तुमची कळकळ कळते आणि पेटी करू नका असं अजिबात म्हणणार नाही. पण मंडळाचा पैसा पेट्यांवर घालायच्या आधी हे वाचा. श्रीलंकेत पावणेदोनशेच्या आसपास गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून मोठी चाचणी केली, २०१७ ला निकाल आला, फरक दिसला नाही. कारण किल्ली घरातच असते, दुकान पण जवळ असतं. याच्या उलट त्याच श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी एक होतं, सरकारनं सगळ्यात विषारी औषधांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. आणि शेतीचं उत्पादन काही पडलं नाही, हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडं बंदी म्हटलं की लगेच पीक जाईल म्हणून ओरड होते. आपल्याकडं पण २०१८ मध्ये केंद्रानं १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, काही लगेच आणि काही २०२० च्या शेवटापासून, पण अजून बरंच बाकी आहे.

तमिळनाडूत मात्र एक वेगळा प्रयोग झाला, घरात नाही तर गावात एकच सामायिक खोली, बँकेच्या लॉकरसारखी, औषध तिथं ठेवायचं आणि लागेल तेव्हा सही करून न्यायचं. छोटा प्रयोग होता, दोनच गावांत, पण निकाल आशादायक. विकास सोसायटीच्या गोडाऊनमध्ये असं करता येईल का हे तुमच्या गावात विचारून बघा. तुमच्या पेटीची किल्ली दुसऱ्या घरात आहे ही गोष्ट तशीच ठेवा.

मंगळवेढ्याचा_शेतकरी

सोसायटीच्या चेअरमनशी बोलतो. हे माहीत नव्हतं.

परत_उभा

मी इथं फारसा लिहीत नाही. मी त्यातून गेलोय. कसं आणि कधी ते सांगणार नाही.

एवढंच सांगतो की त्या वेळी मरायचंच आहे असं ठाम काही नसतं, हे थांबलं पाहिजे असं वाटत असतं. झोप नव्हती महिना महिना. मी मित्राचे पैसे परत केले, गाडीची कागदं भावाच्या नावाच्या फायलीत ठेवली, सगळ्यांशी गोड बोलायला लागलो, आणि घरच्यांना वाटलं मी सुधारलो. अचानक शांत झालेल्या माणसाकडं लक्ष द्या. "माझ्यामुळं तुम्हाला ताप" असं बोलणाऱ्याकडं द्या.

मला काय उपयोगी पडलं तर औषधं, आणि एक मित्र. तो विषयच काढायचा नाही, रोज संध्याकाळी सात रस्त्याला यायचा, चहा प्यायचा, क्रिकेटचं बोलायचा आणि जाताना विचारायचा, "आज कसं, कालच्यापेक्षा?" मी एका शब्दात सांगायचो. वाईट असेल तर तो बसून राहायचा. औषधांनी गुंगी येते म्हणून मी मध्येच बंद करायला निघालो होतो, त्यानं डॉक्टरकडं नेऊन डोस बदलून आणला. कृपा करून कुणाला "औषधांची सवय लागते, सोड" असं सांगू नका.

आणि वाचून आलेल्याला पूर्वीसारखंच वागवा. मला लग्नाला बोलवणं बंद केलं होतं लोकांनी.

पूर्वभाग_कार्यकर्ता

तुमचं वाचून बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, नाव नाही गाव नाही, चालेल ना?

परत_उभा

चालेल.

बातमीवाला_सोलापूर

एक माझ्या धंद्यातलं. गल्लीत असं काही घडलं की दहा मिनिटांत फोटो व्हॉट्सॲपवर, चिठ्ठी असेल तर चिठ्ठीसकट, आणि खाली "धक्कादायक". हे थांबवणं मंडळाच्या हातात आहे कारण ग्रुप तुमचेच असतात. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये नियम दिलेत, बातमी पहिल्या पानावर ठळक लावायची नाही, पद्धत सांगायची नाही, जागेचं वर्णन नको, फोटो व्हिडिओ नको. आमच्याकडं पण सगळे पाळतात असं नाही आणि मी डेस्कवर यावरून भांडतो. हे नियम उगाच नाहीत. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या मेट्रोमध्ये ऐंशीच्या दशकात अशा घटना आणि त्यांच्या भडक बातम्या दोन्ही वाढल्या होत्या, १९८७ ला पत्रकारांसाठी सूचना निघाल्या, पेपरांनी त्या पाळल्या आणि मेट्रोतल्या घटना निम्म्याहून खाली आल्या. उलट कुणी संकटातून कसा बाहेर आला ही बातमी दिली तर वाचणाऱ्याला आधार मिळतो. ग्रुप ॲडमिननी एकच नियम करावा, असा फोटो आला की डिलीट, आणि टाकणाऱ्याला वैयक्तिक फोन, ग्रुपवर तमाशा नको.

पूर्वभाग_कार्यकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री परत बसलो. वक्ता रद्द. त्या पैशातून सहा जणांचं ट्रेनिंग करायचं ठरलंय, तीन पोरं आणि तीन बाया, त्यात एक आशाताई तयार झाल्यात. ट्रेनिंगसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागाला पत्र देतोय, बघू काय म्हणतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कर्जाची कागदं, कोर्टातले दादा तुम्हाला मेसेज केलाय. १४४१६ चा फ्लेक्स नाही, छोटे स्टिकर करतोय तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू चारही भाषांत, मेडिकल दुकान, विडी कारखाना आणि लूमच्या शेडमध्ये लावायला. मामा, शेडच्या मालकांशी तुम्हीच बोलाल का?

आणि त्या दोन घरांकडं आम्ही चौघं जाऊन आलो. मुलीच्या आईनं काहीच विचारलं नाही, मुलीचं नाव घेऊन बोललो तशी ती बोलायला लागली, ती फक्त तेलुगूत बोलते, मला तोडकं मोडकं कळतं. तिला दर आठवड्याला कुणीतरी भेटायला पाहिजे असं वाटतंय. तेलुगू नीट बोलणारी, जरा वयानं मोठी बाई कुणी आहे का इथं?

लूमवाला_मामा

मालकांशी बोलतो. चार शेडचे तर माझ्या ओळखीचेच आहेत.

विडीघरची_लेक

माझी आई जाईल. पद्मशालीच आहोत आम्ही, घरी तेलुगूच बोलतो. तिला दुपारी तीननंतर मोकळं असतं, विड्या देऊन आली की. पत्ता इथं टाकू नका, मला मेसेज करा.